जुनी पिकअप खाली घेताना : खर्च थोडा, खबरदारी पुरी

खंडाळा तालुक्यातील शिरवळ-लोणंदपासून शेजारच्या वाई-फलटणपर्यंत बाजार करणारे आमचे पुष्कळसे छोटे व्यापारी बंधू जुनीच पिकअप घेतात. नवी गाडी परवडत नाही आणि व्याजाच्या कर्जात पडण्याची इच्छा नसते. मात्र ही जुनी गाडी बहुधा वाळू, वीट किंवा कांदा वाहून आलेली असते. पहिल्या मालकाने जास्त माल बसावा म्हणून मागे दोन-तीन पाटे जादा घातलेले असतात. त्यामुळे रिकामी गाडी मागून उंच उभी राहते, खड्ड्यात उडते आणि हौद्यात गठ्ठा चढवताना हमालाचे कंबरडे मोडते.

कापडवाल्याला ही उंची दुहेरी नडते. आपला माल वाळूइतका जड नसतो, पण रचला की उंच होतो. आधीच उंच हौदा आणि त्यावर उंच थप्पी, म्हणजे सारा भार वर जातो आणि खंबाटकीच्या वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते. म्हणून गाडी खाली घ्यावी असे वाटणे रास्त आहे. प्रश्न किती खाली आणि कोणत्या रीतीने, एवढाच आहे.

अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, जुने ट्रक जमिनीला टेकतील इतके खाली घेण्याचा शौक अनेक वर्षांपासून आहे. तेथेसुद्धा गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिंगच्या खालच्या कडेपेक्षा खाली नसावा असा कायदा २०२३ अखेरपर्यंत होता. कारण साधे आहे. टायर फुटला तर गाडी रिंगवर आली पाहिजे, पोटावर नव्हे. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ आहे. निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केले आहे. सबब आमचे मत असे की गाडी कंपनीच्या मूळ उंचीवर आणावी, त्याखाली नेऊ नये. जादा पाटे घातलेल्या गाडीला एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो आणि खर्चही कमी येतो.

प्रथम मोजमाप घ्यावे. गाडी सपाट जागी, रिकामी, टायरमध्ये ठरलेली हवा भरून उभी करावी. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांवर मोजून वहीत लिहावे. डाव्या-उजव्यात फरक आला तर एखादा पाटा तुटला आहे किंवा बसला आहे असे समजावे. मग पाटे मोजावेत. आपल्या मॉडेलला कंपनीने किती पाटे दिले होते ते कंपनीच्या वर्कशॉपमध्ये किंवा पार्टच्या पुस्तकात मिळते. मिस्त्रीच्या अंदाजावर जाऊ नये, मग तो कितीही मोठा उस्ताद असो.

जादा निघालेले पाटे काढणे हे काम तासा-दोन तासांचे. पण मूळचे पाटे काढू नयेत. सारख्या जाडीच्या ८ पाट्यांतून २ काढले की ताकद सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी होते. लग्नसराईचा माल भरला की ॲक्सल चासीच्या रबरावर आदळू लागतो.

दुसरी स्वस्त युक्ती म्हणजे गॅसने पाटा लाल करून त्याची कमान उतरवणे. हे कधीही करू देऊ नये. स्प्रिंगचे पोलाद तेलात विझवून, पुन्हा ठरावीक उष्णतेवर पाणी देऊन तयार केलेले असते. लाल केले की ते पाणी उतरते आणि पाटा मऊ होऊन बसतो किंवा घाटात तुटतो. कमान कमी करायचीच तर ती थंड स्थितीत, प्रेसवर. वेल्डिंग केलेला पाटा तर भंगारातच टाकावा.

काही जण ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालतात. पाटे ॲक्सलच्या खाली असतील तर ठोकळ्याने गाडी खाली येते, पण पाटे वर असतील तर उलट उंच होते! हे न पाहता पैसे घालवलेले लोक आहेत. शिवाय हा फेरफारच झाला, त्यामुळे आरटीओत विचारल्याशिवाय नको.

पैसा कोठे वाचवू नये तेही सांगतो. पाटे उघडले की यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवेच घालावेत, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. झिजलेले बुश बदलावेत, पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस द्यावे आणि दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. शॉक अब्सॉर्बर गळत असतील तर त्यांचा खर्च आधी धरावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी बहुतेक गॅरेजवाले पाहत नाहीत. पुष्कळ पिकअपना मागच्या ब्रेकसाठी एक व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. हौदा खाली आला की व्हॉल्व्ह समजतो की माल भरला आहे आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी मूळ उंचीखाली नेली, किंवा कोणी ती दांडी जादा पाट्यांच्या उंचीवर लावून ठेवली असेल, तर रिकाम्या गाडीचीही मागची चाके जाम होतात. घाटाच्या ओल्या उतारावर याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. म्हणून पाटे काढताच हा व्हॉल्व्ह कंपनीच्या मापाला लावून घ्यावा. हेडलाइटही पुन्हा बसवावेत, कारण मागचा भाग खाली आला की दिवे वर उचलले जातात आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतात.

मूळ उंचीवर आणलेली गाडी मूळ वजनच उचलेल हे विसरू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये असा दंड कायद्यात आहे. आरसीवरील वजन आणि आपल्या गठ्ठ्यांचे वजन एकदा काट्यावर ताडून पाहिले की पुढे वाद राहत नाही.

पुढेमागे गाडी विकायची झाली तर पाटे काढल्याचे, एखादा तुटून बदलल्याचे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतील ओलावा बोटांना लागला, ही सहीह मुस्लिममधील हदीस आपल्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. ओला दाणा वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले होते. मोजमापाची वही आणि बिले जपून ठेवली असतील तर ती गिऱ्हाइकापुढे ठेवता येतात, आणि विमा कंपनीच्या तपासनिसापुढेही.