अल्प अनुदान आणि गावाचा पुढाकार

ग्रामसुधारणेच्या कामाला पैसा लागतो, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु पैसा किती द्यावा, यापेक्षा तो केव्हा द्यावा, कशासाठी द्यावा आणि त्याचा हिशेब कोणी ठेवावा, या तीन प्रश्नांवर कामाचे यश अधिक अवलंबून असते. मोठी रक्कम खर्चून केलेली कामे थोड्याच वर्षांत निकामी झालेली आपण पाहतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळा सरताना कोणी बसवीत नाही आणि ओढ्याचे पाणी डोळ्यांदेखत वाहून जाते. अशा ठिकाणी पुष्कळदा बांधकामात दोष नसतो. ते काम आपले आहे, असे गावाला वाटलेले नसते. म्हणून थोडी रक्कम हाती घेऊन गावकऱ्यांचा पुढाकार कसा जोपासावा, याचा विचार या लेखात केला आहे.

पूर्वीच्या अनुभवाचा बोध

2 ऑक्टोबर 1952 रोजी देशात 55 प्रकल्पांनी समाजविकास कार्यक्रमाचा आरंभ झाला. पुढील वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली. लोकांनी आपली उन्नती आपल्या प्रयत्नाने करावी आणि शासनाने तीस साह्य करावे, हा त्यामागील हेतू होता. 1957 साली बलवंतराय मेहता समितीने या कार्याची पाहणी केली, तेव्हा लोकांचा पुढाकार जागृत करणे ही सर्वांत कमी यश आलेल्या बाबींपैकी एक आहे, असे तिला आढळले. योजना वरून येत होती व लोक ती स्वीकारीत होते. परंतु निर्णय त्यांचा नव्हता. म्हणून समितीने लोकनियुक्त संस्थांकडे अधिकार सोपविण्याची शिफारस केली. महाराष्ट्रात 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, त्या याच विचारातून. जो निर्णय घेतो तोच कामाची काळजी वाहतो, हा बोध आजही ध्यानी ठेवण्याजोगा आहे.

नायगावचे उदाहरण

पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील नायगाव हे अवर्षणग्रस्त भागातील गाव. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्याने तेथे देवस्थानची जमीन खंडाने घेऊन मृद्‌संधारणाचे व पाणी अडविण्याचे काम आरंभिले. त्यातूनच पुढे पाणी पंचायतीची चळवळ उभी राहिली. तिच्या उपसा सिंचन योजनांत खर्चाची वाटणी अशी असे : 20 टक्के रक्कम लाभधारकांनी आधी जमवावयाची, 50 टक्के शासकीय अनुदान आणि उरलेले 30 टक्के ग्राम गौरव प्रतिष्ठानने बिनव्याजी कर्जाऊ द्यावयाचे. योजना एकट्या शेतकऱ्यासाठी नसून गटासाठी असे. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या प्रमाणात, माणशी अर्धा एकर भिजेल इतके, मिळे. उसासारखी अधिक पाणी पिणारी पिके घेण्यास मनाई होती. भूमिहीनासही पाण्यात वाटा होता.

येथे 20 टक्क्यांचे महत्त्व पैशापुरते नाही. ज्याने पदरचे पैसे घातले, तो पाळीपाळीने पाणी सुटते किंवा नाही हे पाहतो, पाटकऱ्यास जाब विचारतो आणि मोटार बिघडल्यास स्वस्थ बसत नाही.

बचत गटांच्या कामातही हेच तत्त्व आहे. 2011 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानात गटाला प्रथम 10,000 ते 15,000 रुपयांचा फिरता निधी देण्याची व्यवस्था होती. परंतु तो गट स्थापन होताच मिळत नसे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि हिशेबाच्या वह्या, ही पाच सूत्रे काही महिने पाळल्यावरच तो हाती येई. स्वतःच्या बचतीची शिस्त आधी आणि बाहेरची रक्कम मागाहून, हा क्रम जेथे उलटतो, तेथे रक्कम वाटून घेण्यासाठीच गट जमतो आणि ती संपताच विखुरतो.

अनुदानाचे तीन नियम

या अनुभवावरून तीन नियम सांगता येतील.

1. अनुदान गावाच्या प्रयत्नामागून यावे. गावाने श्रम, साहित्य वा वर्गणी या रूपाने काही उभे केल्यावर उणीव भरून काढण्यापुरते ते असावे.

2. जे गावात मिळत नाही, त्यासाठीच ते खर्चावे. माती, दगड, बैलगाडी, मनुष्यबळ हे गावात असते. त्यासाठी पैसे वाटू लागल्यास पुढील वर्षी विनामूल्य कोणी येणार नाही.

3. काम कोणते करावयाचे हे ग्रामसभेने ठरवावे. कार्यकर्त्याने तांत्रिक सल्ला द्यावा, खर्चाचा अंदाज द्यावा. निवड मात्र गावाची असावी.

वनराई बंधारा : एक सोपा आरंभ

ज्या गावाने अद्याप एकत्र येऊन काही केलेले नाही, त्याने वनराई बंधाऱ्यापासून आरंभ करणे इष्ट होय. पावसाळा सरल्यावर, ओढ्यास थोडी धार असतानाच, रिकाम्या पोत्यांत माती किंवा वाळू भरून हा आडवा बांध घालतात. जागा अशी निवडावी की जेथे ओढ्याचे पात्र अरुंद, काठ भक्कम व उंच आणि तळ शक्य तितका सपाट आहे. पोती काठोकाठ न भरता तोंड शिवता येईल इतकी भरावी. ती विटांप्रमाणे सांधे मोडून रचावी, तळाशी रुंदी अधिक ठेवून वर निमुळती करीत न्यावी आणि फटींत चिकणमाती दाबून बसवावी. बांध साधारण कमरेइतका उंच पुरेसा होतो. जास्त झालेले पाणी त्यावरून वाहून जाऊ द्यावे. अडलेल्या पाण्यावर हरभऱ्यास वा भाजीपाल्यास एखादे-दुसरे पाणी देता येते, जनावरांची सोय होते आणि जवळच्या विहिरींस आधार मिळतो. उन्हाने पोती विरतात, म्हणून हा बांध एका हंगामाचाच समजावा आणि पुढील पावसाळ्यापूर्वी पोती काढून ओढा मोकळा करावा.

आता अनुदानाची जागा पाहू. समजा, बांधास 500 पोती लागणार आहेत. खतांची व सिमेंटची रिकामी पोती घरोघर मागितल्यास 400 जमतील. उरलेली 100 पोती, सुतळी, दाभणे आणि पोती वाहून आणण्याचे भाडे एवढाच रोख खर्च उरतो. तेवढीच रक्कम द्यावी. सर्व पोती बाजारातून विकत आणून दिली, तर काम एक दिवस लवकर होईल. परंतु घरोघर फिरून पोती गोळा करताना जी चर्चा होते व जी माणसे जोडली जातात, ती जोडली जाणार नाहीत.

श्रम कोणाचे, लाभ कोणाचा?

श्रमदानाच्या कामात एका गोष्टीकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. ओढ्याकाठी ज्याची जमीन व विहीर आहे, त्याला अडलेल्या पाण्याचा प्रत्यक्ष लाभ होतो. शेतमजूर मात्र एका दिवसाची मजुरी बुडवून पोती भरावयास येतो आणि पाण्याचा थेंबही त्याच्या वाट्यास येत नाही. पहिल्या वर्षी तो गावाच्या शब्दाखातर येईल. दुसऱ्या वर्षी येणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच ग्रामसभेत पुढील गोष्टी ठरवून लिहून ठेवाव्या :

(अ) लाभणाऱ्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या प्रमाणात अधिक वर्गणी वा अधिक दिवस श्रम द्यावे.

(आ) ज्यांचे पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्यांना श्रमदानाची सक्ती नसावी. अनुदानातून मजुरी द्यावयाची झाल्यास ती प्रथम त्यांना द्यावी.

(इ) अडलेले पाणी सर्वांच्या जनावरांस खुले असावे, आणि मोटारी किती व किती तास चालवावयाच्या हे आधीच ठरवावे.

(ई) पाण्यासाठी लांब जाण्याचा त्रास प्रामुख्याने स्त्रियांना होतो. म्हणून कामाची निवड करण्यापूर्वी महिलांची सभा घेऊन त्यांचे म्हणणे ग्रामसभेत मांडावे.

नायगावी भूमिहीनास पाण्यात वाटा देण्यात आला, त्यामागे हाच न्याय होता. या न्यायाअभावी दिलेले अनुदान गावातील सबळास अधिक सबळ करते आणि 'लोकांचा पुढाकार' हा शब्द नावापुरता उरतो.

हिशेब उघडा असावा

रक्कम लहान असली तरी तिचा हिशेब पाच जणांच्या समितीने ठेवावा. त्यांत निदान दोन स्त्रिया व एक भूमिहीन असावा. पावत्या जपाव्या. जमा झालेली पोती, श्रमाचे दिवस, वर्गणी आणि अनुदान या चारही बाबी फळ्यावर लिहून चावडीपाशी लावाव्या आणि काम संपल्यावर ग्रामसभेत वाचून दाखवाव्या. गावाने घातलेल्या श्रमाची किंमत रुपयांत मांडावी, म्हणजे अनुदानापेक्षा आपला वाटा किती मोठा आहे, हे गावकऱ्यांच्या प्रत्ययास येते. शिल्लक राहिल्यास ती परस्पर दुसरीकडे न खर्चता तिचे काय करावे, हेही सभेनेच ठरवावे.

कार्यकर्त्यांस विनंती

ग्रामकार्यकर्त्यांनी या हंगामात आपल्या क्षेत्रातील एकच गाव निवडावे. भाद्रपदात सभा घ्यावी, जागा गावकऱ्यांसह पायी फिरून पाहावी, पोती जमू लागल्यावरच अनुदानाचा प्रस्ताव करावा. बांध घालून झाल्यावर माघ महिन्यात पुन्हा त्या गावी जावे आणि पाणी किती दिवस टिकले, ते कोणाकोणास मिळाले, हे सभेत विचारावे. पुढील वर्षी पोती जमविण्यासाठी गावाने आपण होऊन सभा बोलाविली, तर दिलेली रक्कम कारणी लागली असे समजावे. त्यानंतर त्या गावाला अनुदान कमी लागेल, आणि ते दुसऱ्या गावास देता येईल.