प्रत्यक्ष निरीक्षणाखालील क्षयोपचार : उपचारातील खंड व आपले कर्तव्य

राजयक्ष्म्याचे साहस, वेगसंधारण, क्षय व विषमाशन असे चार हेतू चरकाचार्यांनी सांगितले आहेत. आजच्या क्षयरुग्णाच्या बाबतीत अतिश्रम व अपुरा आहार ही कारणे रोगोत्पत्तीपुरती मर्यादित राहत नाहीत. उपचारात खंड पडण्यासही तीच कारणीभूत ठरतात. हा खंड वेळीच ओळखणे हे वैद्य व औषधविक्रेते या दोघांचेही कर्तव्य होय.

पार्श्वभूमी : राष्ट्रीय कार्यक्रमात १९९७ पासून ‘डॉट्स’ पद्धतीचा विस्तार झाला. त्या वेळी आरंभीच्या टप्प्यात रुग्णाने दिवसाआड केंद्रावर येऊन कार्यकर्त्यासमक्ष औषध घ्यावे, अशी योजना होती. २०१७ मध्ये देशभर वजनानुसार दररोज घ्यावयाच्या संयुक्त गोळ्या आल्या. औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगात साधारणतः २ महिने चार व पुढे ४ महिने तीन औषधे दिली जातात.

रुग्णाच्या अडचणी : केंद्रावर जाण्यात रोजंदारी बुडते. बीडसारख्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार हंगामात कित्येक महिने गावाबाहेर असतो. त्यामुळे उपचार एका गावी सुरू होतो व रुग्ण दुसऱ्या गावी असतो. आशा कार्यकर्ती वारंवार दारी आल्यास शेजारी कुजबुजतील, ही भीती विवाहयोग्य मुलींच्या घरी विशेष असते. सर्वांत फसवा काळ दुसऱ्या महिन्याचा. ज्वर उतरतो, कास कमी होतो आणि रुग्ण स्वतःस बरा समजून औषध सोडतो. उरलेले जंतू पुढे औषधांना न जुमानणारे होऊ शकतात.

कार्यकर्त्यांच्या अडचणी : लसीकरण, गरोदर मातांची नोंद व सर्वेक्षणे सांभाळून आशांना हे काम करावे लागते. रुग्ण चुकीचा पत्ता देतो, स्थलांतर कळवीत नाही. २०२४ च्या आरंभी अनेक ठिकाणी औषधांचाच तुटवडा पडला. तेव्हा आग्रह तरी कशाचा करावयाचा?

आपले कर्तव्य : मळमळ व अरुची झालेला रुग्ण बहुधा प्रथम वैद्याकडे येतो, खोकल्याचे औषध मागण्यास दुकानात जातो. त्या वेळी पुढील गोष्टी कराव्यात.

१. क्षयाच्या गोळ्या चालू आहेत काय, शेवटची केव्हा घेतली, हे एकांतात विचारावे.
२. रिफॅम्पिसिनमुळे मूत्र नारिंगी होते. ते निरुपद्रवी असल्याचे समजावून सांगावे.
३. डोळे पिवळे होणे, दृष्टी मंदावणे ही लक्षणे दिसताच रुग्णास त्याच दिवशी उपचार केंद्राकडे पाठवावे.
४. आयुर्वेदीय औषध क्षयविरोधी औषधांच्या जागी देऊ नये. जोडीने द्यावयाचे असल्यास केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावे.
५. क्षयरुग्णाची माहिती शासनास कळविणे चिकित्सकांना २०१२ पासून व औषधविक्रेत्यांना २०१८ पासून बंधनकारक आहे. मार्च २०१४ पासून क्षयविरोधी औषधे ‘एच-१’ परिशिष्टात असल्याने विक्रीची नोंदवही ठेवावी.
६. निक्षय पोषण योजनेचे साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये झाले आहे. रुग्णास ते मिळते काय, हे पाहावे.

निरीक्षण म्हणजे पहारा नव्हे. रुग्णाने मोकळेपणाने ‘गोळ्या सुटल्या’ असे सांगावे, इतका विश्वास आपण संपादन केला, तर खंडित उपचार पुन्हा मार्गी लागण्यास विलंब होणार नाही.