रिकामा डबा आधी काट्यावर

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मेन रोडवर पाय ठेवायला जागा नसते. मागे रांग, दोन्ही हातांत पिशव्या, त्यामुळे गिऱ्हाईक काही विचारायला लाजतं. दुकानदारांना हे चांगलं ठाऊक असतं.

मिठाईवाल्याने पेढे डब्यात भरले आणि डब्यासकट काट्यावर ठेवले. ‘‘दादा, आधी रिकामा डबा ठेवून काटा शून्यावर आणा,’’ म्हटलं, तर उत्तर आलं, ‘‘ताई, दिवाळीत कुठे ग्रॅम मोजता!’’ मोजायचे. डबा 60 ग्रॅमचा आणि पेढे 800 रुपये किलो असतील, तर 48 रुपये नुसत्या पुठ्ठ्याचे जातात. वजन मिठाईचंच धरायचं, हा वैधमापनशास्त्राचा नियम आहे. मी हटले नाही म्हटल्यावर मागच्या आजींनीही आपला डबा वेगळा धरायला लावला. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी फेरतपासणी होते आणि तिचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावावं लागतं. तेही एकदा बघून घ्यावं.

माझ्या जावेचं प्रकरण जरा महाग पडलं. मुलाच्या कुर्त्याची शिवण पहिल्याच दिवशी उसवली. दुकानात पाटी होतीच: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. पण अशी पाटी म्हणजे काही कायदा नव्हे. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवस धरतात. (रंग घरी आल्यावर आवडला नाही, हा दोष नव्हे, तिथे दुकानदाराच्या मर्जीवरच भागवावं लागतं.) जावेचं घोडं मात्र अडलं बिलापाशी. ‘‘पक्कं बिल हवं तर जीएसटी वेगळा पडेल,’’ असं सांगून दुकानदाराने ते दिलंच नव्हतं. नंतर विचारतो, हा आमच्याच दुकानातला कशावरून? छापील कमाल किमतीत सगळे कर आलेले असतात, त्यामुळे तिच्यावर जीएसटी वेगळा मागताच येत नाही.

आणि निवडणूक दिवाळीला खेटून आली की कागदाची किंमत आणखी वाढते. 2024 साली 15 ऑक्टोबरला आचारसंहिता लागली, 20 नोव्हेंबरला मतदान झालं आणि दिवाळी मधोमध आली. लग्नाच्या पैठण्या घ्यायला रोकड घेऊन येवल्याला निघालेल्यांनाही नाक्यावर थांबावं लागू शकत होतं. 50 हजारांच्या वर रोख असेल, तर पैसे कुठले आणि कशासाठी, याचा कागद जवळ लागतो. बँकेतून काढल्याची पावती जवळ ठेवावी. पुढाऱ्यांच्या गाड्याही इतक्याच बारकाईने तपासतात का, हा प्रश्न मी विचारून ठेवते.

तक्रार 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि मुदत 2 वर्षांची. मशिनवर निघालेल्या बिलावरची अक्षरं मात्र काही महिन्यांतच उडतात. दुकानातच फोटो काढून ठेवा.