खिडकीही दिसली पाहिजे, खोलीही: फ्लॅश आणि उजेडाचा मेळ

आजचा धडा लॉज, मंगल कार्यालय, शोरूम यांचे आतले फोटो काढून देणाऱ्यांसाठी.

आपलं तळेगाव (श्यामजी पंत) नागपूर-अमरावती महामार्गावर. इथे मुक्काम करायचा म्हटला, तर माणूस आधी मोबाइलवर खोली बघतो. खोली काळवंडलेली आणि खिडकी पांढरीफटक दिसली, की तो पुढे निघून जातो. मालकाचं गिऱ्हाईक गेलं, की तुमचंही पुढचं काम गेलं.

मुळात गोष्ट एकच आहे: एका फोटोत दोन उजेड असतात. खिडकीतला उजेड शटरने कमी-जास्त होतो. फ्लॅश क्षणार्धात संपतो, त्यामुळे शटरचा त्याच्यावर परिणाम होत नाही. तो पॉवरने सांभाळायचा. ॲपर्चर किंवा आयएसओ बदललं, की दोन्ही बदलतात. म्हणून ते एकदा ठरवा आणि मग हात लावू नका.

क्रम असा ठेवा:

१. कॅमेरा ट्रायपॉडवर, फ्लॅश बंद. एफ/८, आयएसओ १००.

२. शटर बदलत बाहेरचं अंगण नीट दिसू द्या, पण किंचित उजळच ठेवा. आत-बाहेर सारखाच उजेड आला, तर खिडकी भिंतीवर चिकटवलेल्या पोस्टरसारखी वाटते.

३. आता फ्लॅश १/८ पॉवरवर, तोंड पांढऱ्या छताकडे. खोली अंधारी वाटली तर १/४, भगभगीत वाटली तर १/१६.

अडचणी दोन येतात. पहिली, आपलं दुपारचं ऊन. या सेटिंगला बाहेरचं दृश्य नीट यायला साधारण १/४०० शटर लागतं. पण बऱ्याच कॅमेऱ्यांत फ्लॅशसोबत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे गेलात, की फोटोत काळा पट्टा येतो. एफ/११ करून जमतं, पण फ्लॅशला दुप्पट ताकद लागते. त्यापेक्षा सकाळी किंवा ऊन उतरल्यावर जा.

दुसरी, रंग. हिरव्या भिंतीवर फ्लॅश मारला, तर पलंगावरची पांढरी चादरही हिरवट होते. वर टिनाचं छत असेल तर पांढरी छत्री वापरा.

आणि खोली आहे त्यापेक्षा झगमगीत दाखवू नका. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं, की फोटोशी ताडून बघतंच.

गृहपाठ: फ्लॅशची पॉवर तीच ठेवून १/५०, १/१०० आणि १/२०० वर तीन फोटो काढा आणि शेजारी-शेजारी ठेवा. खिडकी बदलत जाईल, फ्लॅशने उजळलेली भिंत जवळपास तशीच राहील. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, की पाठ करावं लागत नाही.