गावचा पाऊस कॅमेऱ्यात धरताना

पावसाळ्यात लहानपणच्या जागेचे फोटो काढायला गेलं, की पहिली फसवणूक आपल्याच आठवणी करतात. समोर नुसतं पांढुरकं मळभ असतं; आपल्याला मात्र त्यात खळं, गडगा, पलीकडची देवराई सगळं जागच्या जागी दिसत असतं. परक्या माणसाला त्या फोटोत करड्या धुरापलीकडे काही सापडत नाही.

दुसरी फसवणूक जिवावरची. माझं आजोळ चिपळूण तालुक्यात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी. तिथल्या वहाळात आम्ही डुंबलो, खेकडे धरले. कुठला दगड डुगडुगतो हे पायांना पाठ. त्याच भरवशावर एका जुलैत मी मधल्या कातळावर ट्रायपॉड मांडला. वाडीत उघडीप होती. पाणी रेशमासारखं यावं म्हणून शटर अर्ध्या सेकंदावर ठेवलं होतं. तेवढ्यात काठावरून मामी ओरडली, "अरे, पाणी लाल झालंय, आधी वर ये!" कॅमेरा उचलून काठ गाठला. ट्रायपॉड गेला. खाली थेंब नव्हता, पण घाटमाथ्यावर कोसळत होता.

नितळ पाणी एकाएकी गढुळलं, काटक्या-पाचोळा वाहत आला, खळखळीची घरघर झाली, यातलं एक जरी जाणवलं तरी फोटो सोडून वर यायचं. खरं तर पात्रात उतरूच नये, काठावरून लांबची लेन्स लावावी. शेवाळलेल्या जांभ्यावर लहानपणी अनवाणी पाय टिकायचे. आता वजन वाढलेलं असतं आणि पायात गुळगुळीत तळाचे बूट. वाशिष्ठी नदीचं पाणी काय करू शकतं हे चिपळूणने २२ जुलै २०२१च्या पुरात पाहिलंय. रेड अलर्ट असेल त्या दिवशी पडवीत बसावं.

आणि पडवी काही वाईट जागा नाही. पावसाची रेघ पांढऱ्या आभाळावर उमटतच नाही, तिला मागे काळोख लागतो. समोरच्या गोठ्याचं उघडं दार त्यासाठी उत्तम. कौलांवरून सुटलेल्या पागोळ्या त्या अंधारावर धरा, शटर १/१२५च्या आसपास ठेवा. धार रेघेसारखी येते. १/१०००वर तिचे सुटे थेंब होतात, मग पाऊस जोराचा वाटत नाही.

धुक्यात कॅमेऱ्याचा मीटर चकतो. समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून तो पांढरं धुकं मळकं करून टाकतो. एक्स्पोजर +१पर्यंत वाढवावं. ओल्या पानांवरची चकाकी पोलरायझरने कमी होते आणि हिरवा रंग खुलतो, पण फिल्टर पुरता फिरवला तर ओलेपणाच पुसला जातो. मग पावसात गेलात कशाला? शिवाय तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो, म्हणून संध्याकाळी मी काढूनच ठेवतो. आभाळाला चौकटीत फार जागा देऊ नये. त्याऐवजी जवळचं काही घ्यावं: गडग्याच्या फटीतलं नेचं, लावणीला वाकलेल्या बायकांची इरली. त्यांना आधी विचारावं, एवढं सांगायला नको. पण बांधावरून गुपचूप लेन्स रोखणारे पाहुणे दर वर्षी दिसतात, म्हणून सांगितलं.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका. थंड काचेवर दमट हवेचं पाणी धरतं, कधी आतल्या बाजूनेही. बॅग बंदच ठेवून अर्धा तास कळ काढावी. भिजलेला कॅमेरा तांदळात पुरण्याचा सल्ला गावात हमखास मिळतो. त्याने फटींत तांदळाचा भुगा तेवढा जातो. बॅटरी काढावी, सुक्या फडक्याने टिपावं आणि पंख्याखाली ठेवावा.

घरी आल्यावर लेन्स चामडी केसमध्ये घालून कपाटात टाकू नये. ओल धरलेल्या केसमध्ये बुरशी लागते, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसू लागतात. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात ठेवावी आणि दाण्यांचा रंग बदलला की पुड्या बदलाव्यात. बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला, तर दुरुस्तीवाला जाळं पुसून देतो, डाग तसाच राहतो.