गुंठे विकून ‘एआय’ची शाखा घेण्यापूर्वी

बारावीचा निकाल आणि सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतील पालकांचा प्रश्न आता दर हंगामात जवळपास त्याच शब्दांत येतो: गुणवत्ता यादीतून ‘एआय’ची शाखा मिळत नसेल तर ती व्यवस्थापन कोट्यातून घ्यावी का, आणि त्यासाठी कर्ज काढावे की रस्त्याकडेचे चार गुंठे विकावेत. याचे उत्तर स्पष्ट नकार हेच आहे, आणि ते गुळमुळीत शब्दांत देणे मुलांच्या हिताचे नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने चालणाऱ्या शाखेतही गणित, प्रोग्रामिंग आणि संगणकांच्या परस्पर जोडणीचा तोच पाया शिकवला जातो, जो संगणक किंवा माहिती तंत्रज्ञान शाखेत असतो. त्यामुळे शाखेच्या नावासाठी वाढीव पैसे मोजल्याने तो पाया अधिक पक्का होत नाही. कॅप राउंडमधून परवडणाऱ्या शुल्कात जागा मिळत असेल तर ती घ्यावी, आणि दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाटही चांगली आहे. या वाटांची माहिती सर्वत्र मिळते.

विस्ताराने सांगण्याजोगे आहे ते एक दुर्लक्षित काम: इथल्या छोट्या व्यवसायांच्या ग्राहकांना एआय सहायकाकडून उत्तरे मिळतील अशी जोडणी करून देणे. जुलै २०२५ मध्ये याच भागातील राजगडाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून झाला. गडाच्या पायथ्याची घरगुती खाणावळ असो, पानशेत किंवा भाटघरच्या पाणलोटाकाठचा तंबूंचा व्यवसाय असो, की आंबेमोहोर थेट पुण्यातील घरी पोचवणारा शेतकरी असो, ग्राहकांची चौकशी व्हॉट्सॲपवरच येते, आणि बहुधा मालक भाताच्या खाचरात किंवा चुलीपाशी असताना येते. सहा वर्षांच्या मुलाला घेऊन गुंजवण्याकडून चढावे की पालीकडून, गाडी कोठे लावावी, रात्री पिठलं-भाकरी मिळेल का, हे प्रश्न ठरावीक असतात, पण उत्तराला चार तास लागले तर ग्राहक दुसरीकडे जातो. अशा संदेशांना एआय सहायकाकडून, म्हणजे माणसाच्या भाषेतील प्रश्न समजून भाषेतच उत्तर रचणाऱ्या प्रणालीकडून, उत्तर देता येते. मात्र तो सहायक आणि संदेशसेवा यांची जोडणी कोणीतरी करावी लागते. महाराष्ट्र शासनानेही फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवर आणण्यासाठी मेटा कंपनीशी करार केला, यावरून या कामाची दिशा दिसते.

ही जोडणी कमांड लाइनवरून, म्हणजे माउसने बटणे न दाबता काळ्या पडद्यावर लिखित आज्ञा देऊन करता येते. व्यवसायांसाठीची व्हॉट्सॲपची क्लाउड एपीआय २०२२ पासून सर्वांना खुली आहे. एपीआय म्हणजे एका प्रणालीने दुसरीला काम सांगण्याची ठरवून दिलेली पद्धत. विद्यार्थ्याला तेथे एक चाचणी क्रमांक आणि टोकन, म्हणजे ओळख पटवणारी गुप्त अक्षरमालिका, मिळते, आणि ‘कर्ल’ या आज्ञेने पहिला संदेश पाठवता येतो. उलट दिशेने ग्राहकाचा संदेश आपल्या प्रोग्रामपर्यंत पोचण्यासाठी वेबहुक, म्हणजे संदेश येताच ज्यावर वर्दी दिली जाते असा सुरक्षित इंटरनेट पत्ता, नोंदवावा लागतो; तेथून मजकूर सहायकाकडे जातो, सोबत दर, वेळा आणि वाटांची माहिती असलेली साधी मजकूर-फाइल जाते, आणि उत्तर ग्राहकाकडे परतते.

खरे शिक्षण सुरू होते ते यात बिघाड झाल्यावर. सहायकाला उत्तर रचायला वेळ लागला आणि प्रोग्रामने संदेश मिळाल्याची पोच लगेच दिली नाही, तर व्हॉट्सॲप तीच वर्दी पुन्हा पाठवते आणि ग्राहकाला एकाच प्रश्नाची दोन उत्तरे जातात. म्हणून पोच आधी द्यावी आणि प्रत्येक संदेशाचा ओळख-क्रमांक नोंदवून ठेवावा, हे लॉग, म्हणजे प्रोग्रामने ओळीओळीने लिहिलेली नोंद, वाचणाऱ्यालाच उमगते. १३१०४७ हा त्रुटी-क्रमांक दिसला तर ग्राहकाच्या शेवटच्या संदेशाला २४ तास उलटून गेलेले असतात आणि आता पूर्वमंजूर नमुना-संदेशच पाठवता येतो. पदवी कोणत्या शाखेची आहे यापेक्षा अशा ओळी शांतपणे वाचण्याची सवय अधिक उपयोगी पडते.

या कामाची जोखीमही स्पष्ट सांगायला हवी. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातील एका न्यायाधिकरणाने एअर कॅनडाला तिच्या चॅटबॉटने प्रवाशाला दिलेल्या चुकीच्या माहितीबद्दल जबाबदार धरले. खाणावळीच्या सहायकाने चुकीचा दर सांगितला तर नाव मालकाचे खराब होते, त्यामुळे फाइलमध्ये नसलेल्या प्रश्नावर सहायकाने थांबून मालकाला कळवावे, अशी रचना करणे बंधनकारक मानावे. नियमही बदलतात: व्हॉट्सॲपने ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वसाधारण एआय सहायकांना आपल्या व्यावसायिक सेवेवर मज्जाव जाहीर केला, ज्यातून आपल्याच ग्राहकांना मदत करणाऱ्या व्यवसायांचे सहायक वगळले होते. शिवाय दोन डोंगरी तालुक्यांतील खाणावळींवर एखाद्याचा पूर्ण संसार चालेल असे समजू नये. बीकॉम, बीएस्सी किंवा आयटीआयसोबत जोडलेले हे कौशल्य आहे, आणि त्याच्या बळावर शिरवळच्या कारखान्यात किंवा पुण्यातील छोट्या कंपनीत दाखवण्याजोगे चालते काम हाती असते.

पालकांच्या आग्रहाविषयी कठोर बोलणे भाग आहे. ज्या मुलाने एकदाही स्वतः प्रोग्राम लिहून पाहिलेला नाही, त्याच्या नावावर लाखोंचे कर्ज चढवणे म्हणजे त्याला नापास होण्याची किंवा शाखा बदलण्याची मोकळीकच नाकारणे होय; पहिल्या सत्रात विषय राहिले तरी तो घरी सांगत नाही, कारण विकलेल्या जमिनीचा उल्लेख प्रत्येक जेवणात झालेला असतो. शेजारच्या मुलाने घेतली म्हणून शाखा निवडणाऱ्या पालकाने निदान एवढे करावे, की प्रवेश अर्ज भरण्याआधी दोन महिने मुलाला जोडणीचे हे काम करून पाहू द्यावे आणि त्याला ते आवडत नसल्यास त्याचा शब्द मानावा.

त्यासाठी क्लासचे शुल्क भरण्याची गरज नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात. आयटीआयमधील ‘कोपा’, म्हणजे संगणक चालक आणि प्रोग्रामिंग सहायक, हा एक वर्षाचा ट्रेड दहावीनंतर करता येतो. संगणक जुना असला तरी चालतो. सहायकाच्या वापराचे पैसे शब्दांच्या प्रमाणात लागतात, म्हणून खर्चाची मर्यादा पहिल्याच दिवशी घालावी; टोकन कोणालाही पाठवू नये, आणि ग्राहकांचे क्रमांक २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात हे लक्षात ठेवून तेही जपावेत. चाचणी क्रमांकावरून पाच जणांनाच संदेश जातात, आणि घरातली दोन माणसे, एक मित्र, एक शिक्षक आणि एक खाणावळवाला एवढे लोक पहिल्या सरावाला पुरतात.