तुकड्यांची वाटणी आणि विद्यार्थ्यांचे भवितव्य

पटसंख्या वाढली म्हणजे माध्यमिक शाळेत एकाच इयत्तेच्या अ, ब, क अशा तुकड्या पाडाव्या लागतात. ही केवळ व्यवस्थेची सोय होय. परंतु मागील वर्षाच्या गुणांवरून ‘हुशार’ मुले ‘अ’ मध्ये आणि मागे पडलेली ‘क’ मध्ये बसविली, की या सोयीला प्रतवारीचे रूप येते.

परभणी तालुक्यातील झरीसारख्या शेतीवर अवलंबून असलेल्या गावांनी या प्रश्नाकडे विशेष लक्ष देणे अगत्याचे आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतावर राबणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण घटतात, ते बुद्धी उणी म्हणून नव्हे, तर अभ्यास बुडाला म्हणून. गुणांनुसार झालेली वाटणी मात्र ही तात्पुरती उणीव कायमची करून टाकते. शिक्षकांच्या अपेक्षा खालावतात, अवघड पाठ मागे पडतात आणि विद्यार्थीही स्वतःला तसाच समजू लागतो.

अभ्यासक्रमातील विभागणीचा परिणामही असाच होतो. राज्य मंडळाच्या नववी-दहावीसाठी पूर्वी ‘सामान्य गणित’ हा सोपा पर्याय होता. त्यामुळे उत्तीर्ण होणे सुलभ झाले, तरी पुढे विज्ञान शाखेकडे वळणे कठीण होई. २०१८-१९ मध्ये दहावीचा अभ्यासक्रम बदलला, तेव्हा हा पर्याय उरला नाही.

फिनलंडने १९७२ ते १९७७ या काळात सर्व मुलांसाठी एकसंध शाळा सुरू केल्या आणि १९८५ मध्ये गणित व भाषांतील स्तरनिहाय वर्गही रद्द केले. लहान वयात वेगळे मार्ग पाडणाऱ्या देशांत घरच्या परिस्थितीचा प्रभाव अधिक राहतो, असे ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या अभ्यासांतून दिसून आले आहे.

याचा अर्थ सर्वांना सदैव एकाच मापाने शिकवावे, असा नाही. मुंबईत उदयास आलेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या पद्धतीत प्राथमिक शाळेतील मुलांचे वाचन व गणितासाठी दिवसातील ठराविक वेळ पातळीनुसार गट केले जातात. प्रगती होताच गट बदलतो. गट आणि तुकडी यांतील फरक नेमका येथेच आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही शाखांमधील कठोर भिंती दूर करण्यावर भर दिला आहे.

तुकड्या मिश्र ठेवाव्यात, मागे पडलेल्यांसाठी जादा तासिका घ्याव्यात आणि गटांचा दर सहामाहीस फेरविचार करावा. सुगीत कोणाची हजेरी तुटते, हे शिक्षकांइतकेच पंचायत सदस्यांनाही ठाऊक असते. ही माहिती जूनमध्ये तुकड्या ठरण्यापूर्वी शाळेपर्यंत पोहोचली, तर अनेक विद्यार्थ्यांची पुढील वाट मोकळी राहील.